तारेत ओवलेला हार

१९७३ सालची खंडेनवमी. आदल्या वर्षी दुष्काळात झेंडूचं फूल नजरेला पडलं नव्हतं. मिलमधल्या यंत्रांना नुसते आंब्याचे डहाळे बांधून हळदकुंकू लावलं होतं. या वर्षी पाऊस झाला होता. मौला फुलारी सकाळीच सायकलच्या कॅरिअरवर झेंडूचं पोतं आडवं टाकून आमच्या खोलीपुढे येऊन थांबला आणि घंटी वाजवत राहिला.

"वहिनी, मिस्त्री उठले का? म्हणावं, फुलं आली, तार घेऊन चला."

"कधीच उठलेत. दुसऱ्यांदा दाढी करतायत."

"दुसऱ्यांदा? लग्न आहे का आज?"

"आहे की. पॅनेलशी," आतून ह्यांनीच उत्तर दिलं.

"मग वऱ्हाडाला चहा तरी पाजा."

"ये रं मौला, ठिवलाय च्या," आत्या म्हणाल्या. "आन त्या घंटीला जरा दम खाऊ दे. पोर झोपलीय."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कोंडाबाई. नवरा तरुणपणीच गेलेला. कापसाच्या जिनात सरकी निवडून त्यांनी एकुलत्या एका मुलाला वाढवलं, आयटीआयला घातलं आणि सूतमिलमध्ये वायरमन झालेला पाहिलं. त्यानंतर त्यांना देवाकडे मागायचं असं काही राहिलं नव्हतं. त्यांचं कुठलंही वाक्य 'माझा दिगू' इथून सुरू व्हायचं.

दिगंबर काशीद. माझ्या नवऱ्याचं नाव. त्या काळी मी ते फक्त उखाण्यात घेतलं, तेही एकदोनदाच. आता सरळ घेते. ऐकून रागावणारं कोणी उरलेलं नाही.

दिगंबर मिलचे हेड वायरमन होते आणि मौला त्यांच्या हाताखाली. मौलाचं घराणं हार करणाऱ्यांचं. वेशीतल्या देवळापुढे त्याच्या भावांचं फुलांचं दुकान होतं. हा एकटा घरातून फुटून विजेच्या कामाला लागला होता, पण बोटं फुलाऱ्याचीच राहिली होती. खंडेनवमीला इलेक्ट्रिक खात्याचे हार तोच करायचा. बाकीची खाती हार दोऱ्यात ओवायची. आमच्या खात्याचे हार तारेत. जळालेल्या मोटारीतून निघालेली तांब्याची बारीक तार. दोरा लोंबतो, तुटतो. तार वळवाल तशी राहते, टोकाला आकडा केला की कुठेही अडकवता येते. कल्पना दिगंबरांची, बोटं मौलाची. इतर खात्यांची माणसं मुद्दाम बघायला यायची. त्यात खात्याची थोडी ऐटही होती.

चहा पिऊन झाल्यावर दिगंबर भिंतीशी गेले आणि दिवा लावून आरशात हनुवटी बघू लागले. दिवा लावायची त्यांची एक पद्धत होती. बटणाच्या समोर ते कधी उभे राहायचे नाहीत. उजव्या अंगाला सरकायचे, तोंड दाराकडे फिरवायचे आणि डाव्या हातानं बटण दाबायचे. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ते पाहिलं आणि मला हसू आवरेना.

"अहो, हा बल्ब काय तुमचा सासरा आहे? तोंड काय फिरवता?"

"सवय आहे."

"कसली सवय?"

तेव्हा त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. मिलमधलं पॅनेल म्हणजे पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट. आत तांब्याच्या जाड पट्ट्या, त्यांतून सगळ्या मिलची वीज वाहते. हँडल पॅनेलच्या उजव्या कडेला असतं. पॅनेलच्या पुढे उभं राहून ते कधी ओढायचं नाही. उजवीकडे भिंतीला लागून उभं राहायचं, तोंड फिरवायचं आणि डावा हात लांबवून ओढायचं.

"का पण?"

"आत काही चुकलं असलं तर भडका होतो. शॉक वेगळा आणि भडका वेगळा. भडक्याला हात लावावा लागत नाही. तो दार फोडून सरळ समोर येतो. बाजूला असलं तर हातावर निभावतं. समोर असलं तर काही राहत नाही."

"मग घरात कशाला?"

"हाताला घर आणि मिल कळत नाही. एकदा समोर उभं राहायची सवय लागली की लागली."

हे बोलणं झालं तेव्हा आत्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. डाव्या हातानं दिवा लावणं त्यांना मुळीच खपायचं नाही. "लक्षुमीची येळ, आन डावा हात? बल्ब झाला म्हनून काय झालं, दिवाच हाय न्हवं त्यो?" तिन्हीसांजेला त्या कोणाला बटणाजवळ जाऊ द्यायच्या नाहीत. स्वतः पदर सावरून समोर उभ्या राहायच्या, उजव्या हातानं बटण दाबायच्या आणि पिवळ्या बल्बला दोन्ही हात जोडायच्या.

त्या दिवशी दिगंबरांनी खाकी कोट घातला नाही. कामावर ते उन्हाळ्यातसुद्धा जाड सुती कोट आणि रबरी तळाचे बूट घालत. सणाला म्हणून त्यांनी टेरिलिनचा निळा शर्ट शिवून घेतला होता. चाळीत त्या शर्टाचं कौतुक झालं. शेजारच्या रखमाबाईंनी तर हात लावून बघितला.

"आत्या, दृष्ट काढा," मी म्हणाले.

"काढलीय मघाच. तुला इच्यारून काढू व्हय?"

खंडेनवमीला मिल घरच्या माणसांना उघडी असायची. एरवी फाटकाच्या आत बायका जायच्या त्या फक्त रीळ खात्यातल्या. त्या दिवशी मात्र सगळ्या जणी पोरंबाळं घेऊन, नव्या लुगड्यांत, नवऱ्यांची यंत्रं बघायला जायच्या. मिल बंद असायची. एरवी जिथे कानठळ्या बसायच्या तिथे माणसं हळू आवाजात बोलायची. मी निर्मलाला कडेवर घेतलं होतं. तिला नुकते दात आले होते आणि ती माझी वेणी चावत होती.

स्विचरूमच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. कवटीचं चित्र असलेल्या लाल पाटीलाही कोणीतरी कुंकू लावलं होतं. दिगंबरांनी बूट काढून कडेला नीट जोडून ठेवले. हँडल ओढून मेन स्विच त्यांनीच सकाळी बंद केला होता. पॅनेलची दारं सताड उघडी होती. आतल्या तांब्याच्या पट्ट्या पुसून लख्ख केल्या होत्या, देव्हाऱ्यातल्या भांड्यांसारख्या. मौलानं बाहेरून हार सोडले होते. आतला एकच हार, मेन चालू करण्याआधी काढून घ्यायचा असायचा तो, दिगंबरांनी स्वतः वरच्या पट्टीला आकड्यानं अडकवला आणि दोन पावलं मागे येऊन बघितलं.

"कसं दिसतंय?"

"नवरी दिसतीय," मौला म्हणाला.

मी आत वाकून कुंकू लावलं. पट्टी थंड होती. आत्या मागे, दाराच्या कडेला उभ्या होत्या. विधवा बाई, पुढे यायच्या नाहीत.

"आई, पुढं ये."

"मला कशाला रं? हितनं दिसतंय की."

"तिथनं काय दिसणार? लोकांच्या टाळक्यांशिवाय. चल, इथं उभी राहा." त्यांनी आईचा हात धरून तिला सगळ्यांच्या पुढे आणून उभं केलं. आत्यांनी पदर डोक्यावर ओढला. त्या हसत नव्हत्या, पण त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांनीही तस्साच सांगू शकते.

बाहेर गाडीचा आवाज झाला. मॅनेजर आले होते. आमच्या खात्याचे इंजिनियर, देवस्थळी साहेब, त्यांना घ्यायला व्हरांड्यात गेले आणि जाताना म्हणाले, "काशीद, आरती उरकून घ्या. साहेब सगळ्या खात्यांना जाणार आहेत. त्यांचं पाऊल आत पडायला आणि दिवे लागायला एकच गाठ पडली पाहिजे."

आरती सुरू झाली. टाळ्या, घंटा, एक पितळी ताट. पोरं मोठ्यांच्या पायांतून वाट काढत पॅनेलपर्यंत आली होती. एक पोरगा झेंडू ओढायला हात घालतोय असं पाहून मौलानं पटकन पॅनेलची दारं लोटली आणि पोरांना मागे हटवलं, थेट गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या पलीकडे. आरती संपली. नारळ फुटला. व्हरांड्यातून देवस्थळी साहेबांचा आवाज आला, "चालू द्या!"

दिगंबर पॅनेलपाशी गेले. सवयीनं उजवीकडे, भिंतीला लागून उभे राहिले. तोंड फिरवलं. डावा हात उचलला.

"आरं दिगू!" आत्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही. लाडानंच. "आज तरी देवाकडं तोंड कर. आन डाव्या हातानं कुनी देवाला हात लावतं व्हय?"

पुढच्या दोनतीन बायका हसल्या. मीही हसले.

दिगंबर वळले. "चुकलो," असं म्हणून तेही हसले. मग ते पॅनेलच्या समोर आले, अनवाणी, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. उजवा हात हँडलला लावण्याआधी त्यांनी एकदा मान वळवून आईकडे बघितलं. आता झालं का तुझ्या मनासारखं, असं विचारल्यासारखं.

आवाज मला आठवत नाही. लोक म्हणतात वेशीपर्यंत ऐकू गेला. मला फक्त उजेड आठवतो. पांढरा. डोळे मिटले तरी तो पापण्यांच्या आत होता. मग काळं झालं आणि काळ्यात हिरवे ठिपके फिरू लागले. करपलेल्या झेंडूचा वास होता आणि तापलेल्या तांब्याचा. माणसांची तोंडं उघडत मिटत होती, पण मला काही ऐकू येत नव्हतं. निर्मला माझ्या कडेवरच होती. तिच्या मुठीत माझी वेणी होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवत होते. त्या वेळी मला तेवढंच काम दिसत होतं.

पॅनेलचं एक दार बिजागरीवर लोंबत होतं. दिगंबर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना भुवया नव्हत्या. तोंड लाल आणि कोरडं दिसत होतं, भट्टीपुढून उठून आलेल्या माणसासारखं. निळा शर्ट छातीवर कुठे होता आणि कुठे नव्हता, ते मला कळेना. मौलानं त्यांना काखेत धरलं होतं.

मला ऐकू आलेली पहिली गोष्ट म्हणजे दिगंबरांचा प्रश्न.

"मौला, मेन पडला का बघ, वीज तुटली का."

"पडला, मिस्त्री. पडला."

"पोरं?"

"लांब हायेत सगळी. काही झालं नाही कुणाला."

"मग ठीक."

ते स्वतःच्या पायांनी चालत जीपपर्यंत गेले. म्हणून लोक म्हणाले, फार नसावं. जीप निघून गेल्यावर स्विचरूमच्या दाराशी चपला शोधणाऱ्यांची गर्दी झाली. मी माझ्या चपला घातल्या, दिगंबरांचे बूट उचलले आणि आत्यांच्या मागून चालू लागले. आत्या अनवाणीच चालल्या होत्या. त्यांच्या चपला मी विसरले. दुसऱ्या दिवशी मौलानं आणून दिल्या.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना मच्छरदाणीत ठेवलं होतं. डोकं, तोंड, छाती, दोन्ही हात, सगळं पांढऱ्या पट्टीत. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की सुती कपडा असता तर जळून पडला असता. हा वितळला आणि कातडीला चिकटला. मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "समजलं का बाई?" मी म्हणाले, "समजलं." खरं म्हणजे मी डॉक्टरांच्या शर्टाच्या खिशावरची शाईची खूण बघत होते.

आत्या बाकावर बसून असायच्या. आत जायच्या, मुलाच्या पायाला हात लावायच्या, कारण पाय तेवढे मोकळे होते, आणि पुन्हा बाहेर येऊन बसायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "यंत्र बिघडलं. माझा दिगू त्याला काय करनार?"

एका दुपारी त्या बाकावर बसल्या बसल्याच झोपल्या. मी आत होते.

"अनू." आवाज खरखरीत झाला होता.

"बोलू नका."

"आई कुठंय?"

"बाहेर. डोळा लागलाय."

"तिला काय सांगितलंस?"

"कशाचं?"

"भडका कसा झाला त्याचं."

"काही नाही. त्याच म्हणतायत, यंत्र बिघडलं."

"हार राहिला आत. वरच्या पट्टीचा. मीच लावलेला." ते थांबले. श्वास घेतला. "दार मिटलं आणि मी बघितलं नाही. ते माझं आहे. ते कुणालाही सांग. पण मी कुठं उभा होतो, ते..."

"अहो, नंतर बोला."

"नंतर नाही. ती बोलली ते तू ऐकलंस, मौलानं ऐकलं. बाकीच्या बाया हसल्या, त्यांना त्यातलं कळत नाही. बाजूला असतो तर हात भाजला असता. तेवढंच झालं असतं. हे तिला कळलं तर ती जगायची नाही, अनू."

"तुम्ही बरे व्हा. मग तुम्हीच सांभाळा तुमच्या आईला."

"होईन तेव्हा होईन. तू आधी कबूल कर."

"केलं."

"नुसतं केलं म्हणू नको."

"त्यांना कळू देणार नाही. कधीच."

पट्टीतून त्यांचा एकच डोळा दिसत होता. तो मिटला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बूट?"

"घरी आणलेत."

कोजागरीच्या दिवशी सकाळी ते गेले. मला रडू आलं नाही. नर्सनं माझ्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात त्यांचा पट्टा आणि कंगवा होता. कंगव्यात केस होते. ती पिशवी मी एसटीत सोलापूरपासून घरापर्यंत मांडीवर धरून बसले. उतरताना कंडक्टरनं विचारलं, "ताई, काही राहिलं नाही ना?" मी मागे वळून सीट बघितली आणि म्हणाले, "नाही."

दिवस उरकल्यावर देवस्थळी साहेब घरी आले. त्यांना वरती अहवाल पाठवायचा होता. मौला त्यांना घेऊन आला आणि उंबऱ्यातच बसला. साहेब खाटेच्या कडेला बसले. ऊन कललं होतं. आत्या चुलीपाशी आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होत्या. खोली एकच, दुसरीकडे जायला जागा नव्हती.

"चहा ठेवते, साहेब."

"नको, बाई. बसा तुम्ही." त्यांनी चष्मा काढून पुसला. चांगला माणूस होता. तो निष्काळजी होता असं मी कधीच म्हणणार नाही. "सगळं तपासलं मी. आत एक हार राहिला होता. तारेत ओवलेला. दोरा असता तर नुसती फुलं जळाली असती. तार पट्ट्यांना टेकली आणि..."

"दार मी लोटलं, साहेब," मौला खाली बघत म्हणाला. "पोरं हात घालत होती."

"ते लिहिलंय मी. पोरांसाठी लोटलंस. त्याला दोष नाही. पण मला एक कळत नाही." ते माझ्याकडे वळले. "काशीद कधी समोर उभा राहायचा नाही. मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि त्यानंतर एकदाही सांगावं लागलं नाही. घाईत नाही, आजारी असताना नाही. मग त्याच दिवशी का? बाजूला असता तर आज..."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

मी निर्मलाकडे बघितलं. ती दिगंबरांच्या बुटाची लेस तोंडात घालून बसली होती. मला वाटलं, मी काही बोलले नाही तर हा आवाज पुन्हा कधी सुरू होणार नाही.

"बाजूलाच जाणार होते, साहेब," मी म्हणाले. "समोरून नमस्कार केला आणि ते बाजूलाच निघाले होते. पण त्या कोपऱ्यात पोरं घुसली होती. तीनचार पोरं. हाकलायला वेळ नव्हता, बाहेर तुम्ही थांबला होतात. म्हणून ते समोर उभे राहिले. पोरं त्यांच्या आड होती."

साहेबांनी चष्मा घातला. "पोरं कोपऱ्यात होती?"

"होय."

"पण दोरी बांधली होती ना? मौला, तू तिथेच होतास. तू सांग."

मौलानं आधी माझ्याकडे बघितलं. मग चुलीकडे. आत्यांची पाठ हलत नव्हती. पीठ लागलेला हात परातीवर तसाच धरलेला होता.

"दोरी होती, साहेब," मौला म्हणाला. "पण पोरं ती पोरं. खालनं शिरली. वहिनी म्हणतात तसंच झालं. मिस्त्रीनं त्यांना पाठीशी घातलं."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून तोंडावरून फिरवला आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं. उगाच नाही उभा राहायचा तो."

थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला. भाकरी आधीच पुरेशी मोठी झाली होती, तरी आत्या थापत राहिल्या. कड फाटली. त्यांनी पीठ गोळा केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढे काय झालं ते सांगते.

देवस्थळी साहेबांनी अहवालात माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. पुढच्या खंडेनवमीपासून पॅनेलच्या आत पूजा बंद झाली, बाहेरून कुंकू लावायचं एवढंच. इलेक्ट्रिक खात्याला सणाच्या दिवशीही सुती कोटाची सक्ती झाली. स्विचरूमच्या भिंतीवर दिगंबरांचा फोटो लागला आणि खाली लिहिलं गेलं की मुलांना वाचवताना त्यांनी प्राण दिला. साहेब निवृत्त होऊन सांगलीला गेले. दर दसऱ्याला त्यांचं कार्ड यायचं. मग एका वर्षी आलं नाही.

मौलानं त्याच वर्षी मिल सोडली आणि भावांच्या दुकानात बसला. म्हातारा होईपर्यंत त्यानं हार केले. मंडळांची माणसं मोठ्या हारांसाठी तार वापर म्हणून मागे लागायची, पण त्यानं कधी हातात घेतली नाही. तो वारला तेव्हा मी गेले होते. त्याच्या बायकोनं मला आत नेलं आणि म्हणाली, "तुमच्या मिस्त्रीबद्दल खूप सांगायचे. पोरांना पाठीशी घातलं म्हणायचे." तिलासुद्धा त्यानं दुसरं काही सांगितलं नव्हतं.

मिलनं मला रीळ खात्यात घेतलं. मिल बंद पडेपर्यंत मी तिथे होते. आता तिथे मंगल कार्यालय आहे. स्विचरूम पाडली, फोटोचं काय झालं मला माहीत नाही. निर्मला शिक्षिका झाली. शाळेत सुरक्षा सप्ताह असला की मुलांना वडिलांची गोष्ट सांगते. तिनं हे वाचलं तर तिला पहिल्यांदाच कळेल. कळू दे. तिचं वय आता आत्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षाही जास्त आहे.

आत्या जगल्या. पुष्कळ जगल्या, नातजावई बघून गेल्या. घरी कोणी नवं माणूस आलं की त्या दिगंबरांची गोष्ट सांगायच्या. "माझा दिगू बाजूलाच निगाला हुता. पन पोरं शिरली कोपऱ्यात. त्यानं काय केलं, पोरास्नी पाठीशी घातलं आन सोता म्होरं हुबा ऱ्हायला." एवढं सांगून झालं की माझ्याकडे बघायच्या. "व्हय की न्हाय गं, अनसूये?"

"होय, आत्या," मी म्हणायची.

प्रत्येक वेळी विचारायच्या आणि प्रत्येक वेळी मी तेच म्हणायची.

साहेब येऊन गेले त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. ते आणि मौला गेल्यावर खोलीत अंधार पडू लागला होता. मी भांडी आवरत होते. आत्या उठल्या, हाताचं पीठ धुतलं, पदर सावरला आणि रोजच्यासारख्या दिवा लावायला भिंतीपाशी गेल्या. समोर उभ्या राहिल्या. मग उजव्या अंगाला सरकल्या, भिंतीला लागून. तोंड दाराकडे फिरवलं. आणि डावा हात लांबवून बटण दाबलं.

उजेड पडला. त्या तशाच उभ्या राहिल्या. मी ताटली पुसत होते, पुसत राहिले.

त्यानंतर मरेपर्यंत त्या रोज तिन्हीसांजेला तसाच दिवा लावत. हात मात्र कधी जोडले नाहीत.